कॉर्फ कासल: सुरुंग लावून पाडलेला किल्ला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर

इंग्लंडला आलेली आपली मंडळी किल्ला पाहायचा म्हटलं की विंडसर किंवा वॉरिकला जातात. तिथे गालिचे, झुंबरं, चिलखतं असं सगळं चकचकीत असतं. पण ज्याला राजगड-तोरण्याची सवय आहे, ज्याला तुटक्या तटावर बसून खालची वाट कुठून वर येते हे शोधण्यात मजा वाटते, त्याने डॉर्सेटमधल्या कॉर्फला जावं. इथे छत म्हणून कुठे उरलेलं नाही. तरी इंग्लंडमध्ये मी पाहिलेल्या किल्ल्यांत मला हाच सगळ्यात जास्त बोलका वाटला.

आम्ही रीडिंगला राहतो. आई-बाबा पुण्याहून आले होते. बाबांचे गुडघे आता कुरकुरतात, पण किल्ला म्हटलं की कान टवकारतात. म्हणून मे महिन्यातला एक शनिवार-रविवार कॉर्फसाठी काढला. मुक्काम स्वानेज या समुद्रकाठच्या गावात, कॉर्फहून बसने अर्ध्या तासाच्या आत.

आधी जागा समजून घ्या. डॉर्सेटच्या दक्षिणेला पर्बेक नावाचा भाग आहे आणि त्यातून खडूच्या दगडाची टेकड्यांची रांग पूर्व-पश्चिम जाते. कॉर्फपाशी ही रांग तुटते. दोन ओढे त्या खिंडीतून उत्तरेकडे निघतात आणि त्या दोन ओढ्यांच्या मधे एक सुटं टेकाड उरतं, साधारण 55 मीटर उंचीचं. त्या टेकाडावर किल्ला. पर्बेकमध्ये शिरायची वाट खिंडीतून, आणि खिंडीवर नजर किल्ल्याची. पायथ्याशी पोचल्यावर बाबा एकच वाक्य बोलले, "बांधणाऱ्याला डोंगर कळत होता."

इथला सगळ्यात जुना गाजलेला प्रसंग दगडी किल्ल्याच्याही आधीचा आहे. 978 मध्ये एडवर्ड नावाच्या तरुण राजाचा कॉर्फला खून झाला. संशय सावत्र आईवर. गावातलं चर्च त्याच्याच नावाचं आहे. पुढे फ्रान्सच्या नॉर्मंडीतून नॉर्मन आले, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला पहिल्या हेन्रीच्या काळात 21 मीटर उंचीचा बालेकिल्ल्याचा बुरूज उभा राहिला. जॉन राजाने इथे राहण्यासाठी उत्तम दालनं बांधली आणि कैद्यांसाठी अंधारकोठड्याही ठेवल्या. 1202 मध्ये फ्रान्समध्ये पकडून आणलेल्या सरदारांपैकी 22 जणांना इथे उपाशी मारल्याचं सांगतात. हे सगळं फलकांवर आहे, वाचत बसायला हरकत नाही. पण माझं मन रमलं ते सतराव्या शतकात.

1635 मध्ये सर जॉन बँक्स या बड्या न्यायाधीशाने किल्ला विकत घेतला. थोड्याच वर्षांत राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध पेटलं. बँक्स राजाच्या बाजूचे आणि कामामुळे राजाजवळ. किल्ल्यावर त्यांची बायको मेरी, मुलं, मोलकरणी आणि अगदी थोडी शिबंदी. 1643 च्या उन्हाळ्यात पार्लमेंटच्या पाचसहाशे लोकांनी वेढा घातला. त्यांनी लाकडी छपराच्या चाकांवरच्या गाड्या केल्या, आत माणसं लपवून तटापर्यंत न्यायच्या. एकीचं नाव डुकरीण, दुसरीचं रानडुक्कर. छपरावर गोळी लागेना, पण खाली पाय उघडे! तटावरच्यांनी पायांवर नेम धरले. शिड्या लागल्या तेव्हा मेरीबाई, मुली आणि मोलकरणी यांनी वरून दगड आणि रसरशीत निखारे ओतले. सहा आठवड्यांनी वेढा उठला. वेढा घालणाऱ्यांनी गावातल्या चर्चमध्ये तळ ठोकला होता आणि तिथल्या छपराचं शिसं बंदुकांच्या गोळ्यांसाठी काढलं होतं.

"दिलेरखानाचा दमदमा आठवतोय," असं म्हणून बाबांनी आईला पुरंदरचा वेढा सुरू केला. तो आम्ही सगळ्यांनी अनेकदा ऐकलेला आहे. पण काळ खरंच जवळचा. पुरंदरचा तो वेढा 1665 चा.

दुसऱ्या वेढ्यात मात्र घात झाला. फेब्रुवारी 1646 मध्ये पिटमन नावाचा आतलाच एक अधिकारी फितूर झाला. कुमक आणतो म्हणून बाहेर पडला आणि कुमक म्हणून शत्रूचीच माणसं आत घेऊन आला. बाहेरून ज्याला खिंडार पडलं नाही तो किल्ला असा पडला. पुढच्याच महिन्यात पार्लमेंटने तो निकामी करायचा हुकूम काढला. तटाखाली खणून, सुरुंग भरून तो पद्धतशीरपणे उडवला. मेरी बँक्सच्या शौर्याचा मान म्हणून किल्ल्याच्या किल्ल्या तिला परत दिल्या असं सांगतात. त्या किंग्स्टन लेसी या बँक्स घराण्याच्या पुढच्या वाड्यात आजही आहेत. 1818 नंतर इंग्रजांनी नाशिक भागातल्या किल्ल्यांच्या पायऱ्या फोडल्या, दरवाजे उडवले, ते आपण अजून पाहतो आणि हळहळतो. त्याच उद्योगाचा घरचा नमुना इथे बघायला मिळतो.

म्हणूनच कॉर्फचे अवशेष बघताना ऊनपावसाचा विचार सोडून द्या आणि प्रत्येक भिंतीपाशी विचारा, दारू कुठे भरली असेल? पहिल्या दरवाजातून आत गेलं की मोठं उताराचं मैदान लागतं, आपल्या माचीसारखं. त्याच्या कडेचे बुरूज बाहेरच्या बाजूला कललेत, कारण पाया खालून खणला. मैदान चढून गेलं की मधला दरवाजा. थांबा इथे. दोन बुरुजांमधली कमान मधोमध फाटलीये आणि एका बाजूचा अख्खा बुरूज उभ्याउभ्याच खाली सरकलाय. दगडाचे थर जसेच्या तसे, नुसते उतरलेले. "अगं, हा पडलेला नाही, हा घसरलाय," बाबा म्हणाले आणि दहा मिनिटं तिथून हलले नाहीत. दरवाजाची सरकती जाळी ज्या खाचेतून खाली यायची ती खाचही नीट दिसते.

वर बालेकिल्ल्यात मोठाले दगडी ढेकळं गवतात पडलेत. एकेक ढेकूळ घराच्या खोलीएवढं. चुना इतका पक्का की एवढ्या उंचीवरून पडूनही दगड सुटले नाहीत. बाकीचा सुटा दगड गावकऱ्यांनी नेला. गावातून फिरताना घरांकडे नीट बघा, किल्ल्याचा करडा पर्बेक दगड जागोजागी भिंतींत बसलेला आहे.

आता कामाचं.

किल्ला नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, 1982 पासून. सभासदांना प्रवेश आणि ट्रस्टचं पार्किंग मोफत. सभासद नसाल आणि वर्षात अशा तीनचार जागा पाहणार असाल तर सभासदत्व परवडतं, नाहीतर सरळ तिकीट काढा. जोराचा वारा असला तर किल्ला बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी वेबसाइट बघाच.

चढ मोठा नाही, पण खडबडीत आहे. मधल्या दरवाजानंतर पायऱ्या ओबडधोबड, काही ठिकाणी आधाराला काही नाही. बाबागाडी खालीच ठेवा, बाळाला पाठीवर घ्या. आईने मधल्या दरवाजापर्यंत येऊन बाकावर बैठक मारली, आणि तिथूनही दरी छान दिसते. गुडघेदुखी असलेल्यांना इतकं पुरे आहे. सपाट तळव्याचे बूट नकोत. पावसानंतर खडू साबणासारखा निसरडा होतो.

किल्ल्याआधी गावातलं मॉडेल व्हिलेज बघा. लोक उलटं करतात. तिथे एकास वीस या प्रमाणात 1646 च्या आधीचं सगळं गाव आणि अखंड किल्ला उभा केलाय. तो डोळ्यात साठवून वर गेलात की कुठली भिंत कुठे होती हे आपोआप कळतं. (त्या छोट्या गावात त्या मॉडेलचं आणखी छोटं मॉडेलही आहे. मुलं तिथेच अडकतात.) हिवाळ्यात मात्र ते उघडं असेल असं गृहीत धरू नका.

लंडनहून यायचं तर वॉटर्लूहून वेमथच्या गाडीने वेअरहॅमला उतरा, साधारण सव्वादोन ते अडीच तास. स्टेशनबाहेरून 40 नंबरची बस कॉर्फ करून स्वानेजला जाते. आईवडील साठीच्या पुढचे असतील तर ज्येष्ठांचं रेलकार्ड पासपोर्ट दाखवून स्टेशनवर काढता येतं, एक तृतीयांश भाडं वाचतं. कार्ड ज्याच्या नावाचं त्यालाच चालतं, पण एकाच लांब प्रवासात त्याचे बरेचसे पैसे वसूल होतात. गाडीने येणार असाल तर शाळांच्या उन्हाळी सुट्टीत वेअरहॅम ते कॉर्फ रस्त्यावर रांगा लागतात. दहाच्या आत पोचा, नाहीतर कॉर्फच्या अलीकडच्या नॉर्डन स्टेशनला गाडी लावा आणि तिथून वाफेच्या आगगाडीने किंवा चालत कॉर्फला या.

या आगगाडीबद्दल थोडं. वेअरहॅम ते स्वानेज ही शाखा 1972 मध्ये बंद झाली, रूळही उखडले. मग हौशी लोकांनी स्वानेजच्या बाजूने एकेक तुकडा परत टाकत आणला आणि 1995 मध्ये कॉर्फ स्टेशन पुन्हा सुरू केलं. आजही बरंचसं काम स्वयंसेवकच करतात. कोळशाचं इंजिन किल्ल्याच्या पायथ्याने जातं. रोज धावेलच असं नाही, वेळापत्रक बघून दिवस ठरवा.

खाण्याचं म्हणाल तर किल्ल्याच्या दाराशीच ट्रस्टची टी-रूम आहे. स्कोन, मलई, जॅम आणि चहा यात शाकाहारी माणसाचं भागतं. डॉर्सेटचा सफरचंदाचा केक जरूर घ्या. तिखटमिठाचं हवं असेल तर बरोबर न्या. आमच्याकडे थालीपीठ होतं आणि ते माचीवर बसून खाल्लं. अंडं चालत नसेल तर केकबद्दल काउंटरवर विचारून घ्या, लोक आनंदाने सांगतात.

किल्ला पाहून परत फिरणाऱ्यांना मात्र मी अडवीन. आत फिरून किल्ल्याची बांधणी कळते. तो तिथेच का, हे समोरच्या टेकडीवर गेल्याशिवाय कळत नाही. पश्चिमेची वेस्ट हिल चढायला खडी पण छोटी, पंधरा-वीस मिनिटांची. फोटो काढणारे शरद ऋतूत पहाटे इथे येऊन बसतात. खाली धुकं भरतं आणि त्यातून फक्त किल्ला वर राहतो.

पायांत दम असेल तर पूर्वेची ईस्ट हिल घ्या आणि धारेवरून थेट स्वानेजपर्यंत चालत जा. सुमारे दहा किलोमीटर, रमतगमत साडेतीन तास. आई-बाबांना बसने पुढे पाठवलं आणि आम्ही दोघं निघालो. रेल्वेच्या पुलाखालून जाणाऱ्या गल्लीने बाहेर पडलं की फाटक लागतं आणि चढ सुरू होतो. वर पोचल्यावर डावीकडे पूल नावाच्या शहराचं विस्तीर्ण बंदर आणि त्यातली बेटं, उजवीकडे हिरवं खोरं आणि पलीकडे समुद्र. नाइन बॅरो डाउन या टेकडीवर कांस्ययुगातल्या थडग्यांचे उंचवटे आहेत. हवा स्वच्छ असली तर आइल ऑफ वाइटचे पांढरे कडे दिसतात.

धारेवर सावली नाही, पाणी नाही, वारा मात्र भरपूर. मे महिन्यातही विंडचीटर लागतं. पिवळा बाण म्हणजे फक्त पायवाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर मागे बंद करायचं. गाई वाटेत बसलेल्या असतात, त्यांना वळसा घाला, वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका. उन्हाळ्यात उंच गवतातून गेलात तर रात्री पाय तपासा, गोचिड्या असतात. मोबाइलची रेंज अधूनमधून जाते, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा ओएल 15 हा नकाशा जवळ ठेवा किंवा आधी डाउनलोड करा.

अलवेलला उतरलं की स्वानेज जवळच. ज्यांना आणखी चालायचंय त्यांनी बॅलर्ड डाउनवरून ओल्ड हॅरी या समुद्रातल्या खडूच्या सुळक्यांकडे जावं. तिथे कड्याला कठडा नाही आणि कडा ढासळता आहे. सेल्फीसाठी टोकाला जाणारे बघून माझ्या पोटात गोळा आला. लहान मुलांचा हात सोडू नका.

स्वानेजमध्ये संध्याकाळी समुद्रावर फिराल तेव्हा दिव्यांच्या जुन्या खांबांवरची नावं वाचा, लंडनच्या वस्त्यांची आहेत. इथला दगड जहाजांनी लंडनला जायचा आणि परतताना रिकामं जहाज डगमगू नये म्हणून भार म्हणून तिकडचं जुनं सामान भरायचे. नगरभवनाची दर्शनी भिंतसुद्धा अशीच लंडनहून आलेली आहे.

मुक्काम न करता त्याच दिवशी लंडनला परतणार असाल तर पूर्ण धार चालायचा हट्ट नको. किल्ला आणि वेस्ट हिल एवढंच करा. वेअरहॅमकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या बसची वेळ कॉर्फला उतरल्या उतरल्याच थांब्यावर बघून ठेवा. रविवारी आणि हिवाळ्यात बसा कमी असतात, आणि ती चुकली की टॅक्सी पटकन मिळत नाही.