टायटसला यमक

टायटस या नावाशी तंतोतंत जुळणारा इंग्रजी शब्द शोधायला बसलं की सगळ्यात आधी हाताला लागतो तो ‘डिट्रायटस’. म्हणजे मोडतोडीचा ढिगारा, पुराने आणून टाकलेला गाळ. जुळतो अगदी अचूक, पण लग्नाच्या उखाण्यात तो घालणार कसा?

मी उखाणे लिहून देते. लग्नसराईत आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायकांचे फोन येतात. मुलीचं माहेर कुठलं, सासर कुठलं, घरात कोण कोण आहे, तिला काय मनापासून आवडतं, एवढं विचारून घेते आणि लिहायला बसते. याचे मी पैसे घेत नाही, आणि पुस्तकातला तयार उखाणा नाव बदलून कोणाला देत नाही.

यंदा फोन आला तो सिन्नरच्या एका मुलीचा. ती पुण्याला नोकरी करते. नवरा मुलगा नाशिकमधल्या शरणपूरच्या जुन्या मराठी ख्रिस्ती घरातला. रिसेप्शन गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, आणि येणाऱ्यांत तिच्या ऑफिसातली बंगळुरूची, चेन्नईची मंडळी बरीच. म्हणून तिला एक उखाणा इंग्रजीत हवा होता. वर अट अशी, “काकू, यमक त्याच्या नावालाच जुळलं पाहिजे हं.”

ही अट वाटते त्याहून अवघड आहे. मराठी उखाण्यात नाव यमकाच्या जागी सहसा येतच नाही. ते दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला नाहीतर मध्ये बसतं, आणि यमक जुळतं ते ‘वाकून’ला ‘राखून’चं. त्यामुळे नवरा गणपतराव असो की शशिकांतराव, उखाणा अडत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ही सोय फार शहाणपणाने करून ठेवली आहे. इंग्रजी शुभेच्छापत्रातल्या कवितांची रीत वेगळी. तिथे नाव बहुतेक वेळा ओळीच्या टोकाला येतं आणि सगळा भार त्याच्यावरच पडतो.

आता इंग्रजी यमकाचा नियम पाहा. शब्दात ज्या स्वरावर शेवटचा जोर पडतो, तिथपासून पुढचं सगळं सारखं हवं आणि त्याच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. टायटसमध्ये जोर ‘टाय’वर आहे. म्हणजे ‘आयटस’ एवढा तुकडा जसाच्या तसा जुळला पाहिजे. मराठी कान इथे चटकन ‘स्टेटस’, ‘लोटस’, ‘कॅक्टस’ हे शब्द पुढे करतो, कारण आपल्याकडे शब्दाचं शेपूट जुळलं की बरंचसं काम होतं. मोरोपंतांसारखा कवी आर्येत चार-चार अक्षरं जुळवायचा ती गोष्ट निराळी. पण इंग्रजीत टायटस आणि स्टेटस हे यमक नाही. जोराचा स्वरच वेगळा पडला.

मी एक गोष्ट नेहमी करते आणि इंग्रजीत लिहू पाहणाऱ्या मुलींनाही सांगते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून काढायचे. इंग्रजी स्पेलिंग यमक लपवतं आणि नसलेलं दाखवतं. ल्यूशस हे रोमन नाव आणि ‘लशस’ म्हणजे रसाळ, हे दोन शब्द इंग्रजी लिपीत एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे दिसतात, पण कानाला जुळत नाहीत. देवनागरीत लिहिलं की फरक लगेच डोळ्यांना दिसतो. उलट मार्कस हे नाव आणि ‘कार्कस’ म्हणजे जनावराचं कलेवर, यांची स्पेलिंगं पाहिली तर कोणाला जुळतील असं वाटणार नाही. देवनागरीत ते एकाखाली एक चपखल बसतात. देवनागरीतून जोर दिसत नाही हे खरं, तेवढं ध्यानात ठेवावं लागतं.

अशी लॅटिन वळणाची नावं मी वहीत एका बाजूला आणि त्यांची यमकं दुसऱ्या बाजूला लिहीत गेले. फेलिक्सला ‘हेलिक्स’. लायनसला ‘मायनस’ आणि ‘सायनस’. अँटोनियाला ‘अमोनिया’, ‘न्यूमोनिया’ आणि, देवाची कृपा, ‘बिगोनिया’. ऑक्टेव्हियाला ‘स्कँडिनेव्हिया’. कॉर्नेलियाला ‘कमीलिया’ हे फूल. वहीचं ते पान वाचताना माझ्या लक्षात आलं की सगळे शब्द दवाखान्यातले, प्रयोगशाळेतले, नकाशातले नाहीतर नर्सरीतले आहेत. माया, घर, सोबत, हसू यांतलं एकही नाही.

याला कारण आहे. जुन्या इंग्रजीत शब्दांना भरपूर प्रत्यय होते, ते शतकानुशतकं झिजत गेले आणि रोजच्या जिव्हाळ्याचे शब्द आखूड उरले: लव्ह, होम, हँड, हार्ट. शेवटी ‘अस’ किंवा ‘इया’ असलेले शब्द उरले ते मुख्यतः लॅटिन-ग्रीकमधून विद्वानांनी आणलेले. आजारांची नावं, रसायनांची नावं, झाडांची नावं. कमीलियाचंच घ्या. कामेल नावाच्या एका जेझुइट वनस्पती-अभ्यासकाच्या स्मरणार्थ लिनियसने त्या झाडाला लॅटिन धाटणीचं नाव दिलं. म्हणून लॅटिन नावाचा माणूस इंग्रजी कवितेत आला की त्याच्या शेजारी बसायला औषधांच्या बाटल्याच येतात. मला हे वाईट वाटलं. इतकी भारदस्त नावं, आणि त्यांच्या वाट्याला न्यूमोनिया!

पण इंग्रजी कवींनी यातून वाट काढलेली आहे, आणि ती मला मनापासून आवडते. एका शब्दाने जुळत नसेल तर दोन शब्द जोडून यमक करायचं. बायरनने 1819 साली ‘डॉन जुआन’ छापायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच कडव्यात नायकाच्या नावाचं यमक ‘न्यू वन’ आणि ‘ट्रू वन’ असं जुळवलं. स्पेनमध्ये त्या नावाचा उच्चार हुआनच्या जवळचा. बायरनने तो सरळ ‘जूअन’ केला, आपल्या वाचकांच्या तोंडी बसेल असा. यमक कोणाच्या तोंडचं, हे त्याने आधी ठरवलं आणि मग ओळ लिहिली.

टायटसचं कुलूप याच किल्लीने उघडलं. इंग्रजीत ‘आम्हांला’ या अर्थी ‘अस’ हा शब्द वाक्याच्या शेवटी येतो तेव्हा त्याच्यावर जोर पडत नाही, तो आधीच्या क्रियापदाला चिकटून जातो. मग ‘इन्व्हाइट अस’, ‘डिलाइट अस’, ‘युनाइट अस’ हे सगळे टायटसचे सख्खे भाऊ होतात. बोलावणं, आनंद देणं, एकत्र आणणं. लग्नात याहून वेगळं काय सांगायचं असतं? टायटस नावाचा मुलगा भाग्यवान, हे मी त्या मुलीला फोनवर लगेच सांगितलं. मार्कसला ‘आम्हांला’ जोडून काही शोधा, ‘पार्क अस’ मिळतं. ते कुठे वापरणार?

इंटरनेटवर यमकं शोधून देणाऱ्या साइट आहेत, मीही त्या उघडते. पण त्यांतल्या कित्येकांच्या मागे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश आहे, आणि त्यात उच्चार अमेरिकी. त्याच्या आधीचा मोठा यमककोश लंडनच्या जॉन वॉकरचा, 1775 सालचा. त्यात शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे लावलेले आहेत. दोन्हींत नाशिकचा कान नाही. स्टेला हे नाव घ्या, तेही लॅटिनच. लंडनचा माणूस शेवटचा ‘र’ उच्चारत नाही, म्हणून त्याला स्टेला आणि ‘प्रोपेलर’ हे यमक चालतं. आपण तो ‘र’ स्वच्छ म्हणतो. कॉलेज रोडवर उभं राहून कोणी स्टेलाला प्रोपेलर जुळवलं तर ऐकणारे पुढची ओळ येईल म्हणून वाट पाहत राहतील. त्याऐवजी ‘अंब्रेला’ घ्यावं. ते लंडनला जुळतं, न्यूयॉर्कला जुळतं आणि आपल्याकडेही जुळतं. तसंच टायटसला ‘आर्थ्रायटिस’. काही ठिकाणी शेवटचा स्वर इतका पुसट होतो की तेही जुळतं. आपण ‘टिस’ आणि ‘टस’ वेगळे म्हणतो, आणि वेगळेच ऐकतो.

मुलीला मी दिलेला इंग्रजी उखाणा असा:

“मे ही हू ब्रॉट अस हिअर टुनाइट फॉरएव्हरमोर युनाइट अस,
विथ ऑल ऑफ यू ॲज विटनेसेस आय टेक द नेम ऑफ टायटस.”

दोन्ही ओळींत सात-सात ठोके आहेत, टाळी देऊन मोजून पाहा. मुलीने फोनवर म्हणून दाखवला तेव्हा ती ‘युनाइट’पाशी थांबून मग ‘अस’ वेगळं, ठासून म्हणत होती. शाळेत आपल्याला प्रत्येक इंग्रजी शब्द सुटा म्हणायला शिकवतात, त्याची ती सवय. तसं म्हटलं की यमक तुटतं. मी तिला शेवटचे शब्द देवनागरीत जोडून पाठवले, ‘युनायटस, टायटस’, आणि सांगितलं की हा एकच शब्द आहे असं समजून म्हण. पुढच्या वेळी इतकं सुरेख आलं की मी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

मग हळदीच्या दिवसासाठी मराठी उखाणा राहिला. त्यासाठी मी शरणपूर रोडला तिच्या सासूबाईंना भेटायला गेले. मुलाच्या घरात नाव कसं हाक मारतात ते ऐकल्याशिवाय मी लिहीत नाही. नाव कागदावर एक असतं आणि स्वयंपाकघरातून मारलेल्या हाकेत दुसरंच असतं. त्यांनी कपाटातून मराठी बायबल काढलं आणि त्यातलं प्रेषित पौलाचं ‘तीताला पत्र’ उघडून माझ्यापुढे ठेवलं. टायटस म्हणजेच तीत. क्रीट बेटावर पौलाने मागे ठेवलेला त्याचा सोबती.

मी त्या पानाकडे पाहतच राहिले. तीत! प्रीत, रीत, गीत, संगीत, पुनीत, नवनीत. इंग्रजीत ज्याच्यासाठी दोन-दोन शब्द बांधावे लागले, त्याच्यासाठी मराठीत ताट वाढून ठेवलेलं. रोमन लोक या नावाचा उच्चार ‘तितुस’च्या जवळपास करत. इसवी सन 79 ते 81 मध्ये राज्य केलेला सम्राट, ज्याच्या काळात कलोसियम खुलं झालं, तोही तितुसच. इंग्रजांकडे त्याचा टायटस झाला, कारण साधारण 1400 ते 1700 या काळात त्यांचे दीर्घ ‘ई’ सगळे ‘आय’कडे सरकले, ‘टाइम’चा उच्चार त्याआधी ‘तीम’सारखा होता. मराठी बायबल करणाऱ्यांनी मात्र ग्रीकमधला ‘तीतोस’ जवळ ठेवला, शेवटचा प्रत्यय काढला आणि नाव मराठी करून टाकलं.

शरणपूरला ही नावं मिशनबरोबर आली. 1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही इथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट 1874 साली आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत लंडनला पोचला. कुठल्या मुलखातल्या मुलाने इथे कुठलं नाव घेतलं आणि ते घेऊन तो कुठवर गेला! आणि याच नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक, ज्यांच्या नवऱ्याची, रेव्हरंड टिळकांची भजनं मराठी चर्चमधून अजून म्हटली जातात. सासूबाईंना त्यांतली कित्येक पाठ आहेत. शरणपूरची मराठी ऐकायला या. तिच्यात परकं काहीच नाही.

उखाणा त्यांच्या ओट्याजवळ उभ्या-उभ्याच झाला:

“गोदेच्या काठी जमली दोन घरांची प्रीत,
घरात म्हणती टायटस, पवित्र शास्त्रात तीत.”

सासूबाईंनी ‘जमली’ काढून ‘फुलली’ घालायला सांगितलं. ते जास्त चांगलं आहे, तसंच केलं.

हळदीत हा म्हटला आणि रिसेप्शनला इंग्रजी. बंगळुरूकरांनी टाळ्या वाजवल्याच, पण मला जास्त समाधान झालं ते मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या मुलाच्या चुलत्यांनी ‘युनायटस’वर मान डोलावली तेव्हा. कानाला जुळलं होतं.

तेव्हापासून लॅटिन नावांसाठी फोन यायला लागले आहेत. परवा एका आईने ज्युलियस मागितला, मुलाच्या लग्नासाठी. मला आधी आठवले माधव ज्यूलियन. माधव त्र्यंबक पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे, ‘छंदोरचना’सारखा ग्रंथ लिहिणारे. परक्या शब्दांपासून मराठी जपण्यासाठी झटणाऱ्या या माणसाने स्वतःच्या कवितेला मात्र हे लॅटिन मुळाचं नाव दिलं आणि 1939 साली जाईपर्यंत ते मिरवलं. त्यांचं पुस्तक सार्वजनिक वाचनालयातून आणून मी पुन्हा चाळते आहे, ठोके मोजायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

ज्युलियसला एकाच शब्दाचं धड यमक मला सापडलेलं नाही. पण ‘ट्रूली अस’ सापडलंय. जूलियस, ट्रूलियस. ‘खरेखुरे आपण दोघं’ असा अर्थ निघतो. जोर पहिल्याच अक्षरावर, पुढे दोन हलकी अक्षरं, अगदी बरोबर. पहिली ओळ अजून मनासारखी उतरलेली नाही, लग्न मार्गशीर्षात आहे.