आमची वाटचाल : मीटरच्या आकड्यावरून झालेली बदनामी

पॉवर सप्लाय आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) यांचं रिपेअरिंग हा आमचा धंदा. सुरुवातीची वर्षं सुरळीत गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते फर्मला टाळं लागायची वेळ आली होती त्याबद्दल.

आमच्याकडून गेलेल्या ड्राइव्हचं आउटपुट व्होल्टेज एका स्पर्धकाने आपल्या मल्टिमीटरने मोजलं. आकडा आमच्या रिपोर्टपेक्षा बराच जास्त आला आणि ‘रिपोर्ट खोटा’ अशी बोंब उठली. कंत्राटं एकामागोमाग गेली. त्यांचा मीटर ट्रू आरएमएस (कुठल्याही आकाराच्या लहरीचं खरं परिणामी मूल्य मोजणारा) होता, महागही होता, पण त्यात लो-पास फिल्टर (वरच्या फ्रीक्वेन्सी गाळणारा) नव्हता. ड्राइव्हचं आउटपुट म्हणजे काही किलोहर्ट्झने तुटणाऱ्या पल्सेस. ट्रू आरएमएस मीटर त्यांच्यासकट मोजतो आणि आकडा फुगतो. मोटरला कामाचा असतो फक्त मूळ फ्रीक्वेन्सीचा भाग. फ्लूक कंपनीच्या ८७-व्ही मीटरमध्ये फिल्टरचं बटण आहे ते यासाठीच. त्या गृहस्थांना हे आजही मान्य नाही!

एका पंप कारखान्याच्या मेंटेनन्स प्रमुखांनी मात्र तिन्ही फेज फिल्टर चालू-बंद करून स्वतः मोजले आणि काम आमच्याकडेच ठेवलं. त्यांच्या ऑर्डरींवर फर्म तगली.

म्हणून सगळे मीटर महागच घ्या असं नाही. आमच्या बेंचवर अजून डीटी-८३० हे स्वस्तातले मीटर आहेत. ५ व्होल्टची लाइन जिवंत आहे का, डायोड शॉर्ट आहे का, एवढ्याला ते पुरतात. पण त्यांचा इनपुट रेझिस्टन्स १ मेगाओहमचा, त्यामुळे मोजताना मीटर स्वतःच सर्किटमधून करंट खेचतो. १० व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा: मध्ये ५ व्होल्ट हवेत, हा ३.३३ दाखवतो, १० मेगाओहमवाला ४.७६. फीडबॅक सर्किटमध्ये असा आकडा बघून लोक चांगला आयसी उपटतात. बॅटरी उतरली की रीडिंग चढतं, हे वेगळंच. संशय आला की आधी सेल बदलावा.

मेन्सवर (वीज कंपनीच्या थेट पुरवठ्यावर) मात्र हा मीटर नेऊच नये. १० अँपिअरच्या जॅकला बहुधा फ्यूज नसतो. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब तिथेच राहिला आणि व्होल्टेज बघायला गेलात, की शॉर्ट थेट मीटरमधून. चांगल्या मीटरमध्ये तिथे १००० व्होल्टचा एचआरसी (शॉर्टचा मोठा करंट सुरक्षित तोडणारा) फ्यूज असतो. तो उडाल्यावर काचेचा २५० व्होल्टवाला बसवणारे कारागीर आहेत. त्यात आर्क (तार वितळल्यावरही चालू राहणारी ठिणगी) विझत नाही, काच फुटते. सेकंडहँड मीटर घेताना मागचं झाकण उघडून तो फ्यूज आधी बघा, डिस्प्लेवरचे अंक नंतर.