राष्ट्रपती भवन आतून बघायचंय

दिल्लीचं ठरतंय. आई, मी आणि भाचा. फेब्रुवारीतच जायचं, कारण डिसेंबर-जानेवारीत तिकडं धुक्यानं गाड्या रखडतात आणि आईला कडाक्याची थंडी सोसत नाही. त्या सुमारास राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही लोकांसाठी खुलं असतं. पण नुसती बाग बघून परतायचं नाही, हे मी घरात आधीच सांगून ठेवलंय.

आमच्या पेठेतली कितीतरी माणसं दिल्लीला जाऊन आली. फाटकाबाहेर फोटो काढला की चालली आग्र्याला. आई पण म्हणाली, "आपल्याला कोण आत सोडतंय गं तिथं?" सोडतात की! भवनाच्या संकेतस्थळावर नाव आणि ओळखपत्राचा तपशील भरायचा, तारीख-वेळ घ्यायची. मुख्य इमारत, संग्रहालय आणि बाग यांची नोंदणी मात्र वेगवेगळी असते. बागेची झाली म्हणजे सगळं झालं असं धरून चालू नका. आणि सोमवार टाळा, त्या दिवशी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद.

ब्रिटिश वास्तुविशारद लट्यन्सनं ही ३४० खोल्यांची इमारत उभी केली ती व्हाइसरॉयसाठी. तिथल्याच दरबार हॉलमध्ये १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र भारताच्या पहिल्या सरकारनं शपथ घेतली, आणि २६ जानेवारी १९५० ला राजेंद्रबाबूंनी राष्ट्रपतिपदाची. २०२४ पासून त्याचं नाव गणतंत्र मंडप. राष्ट्रपतींच्या आसनामागं गुप्तकाळातली बुद्धमूर्ती आहे, पाचव्या शतकातली. समारंभ टीव्हीवर लागला की माझी नजर तिच्यावरच जाते. ती मला समोर उभं राहून बघायचीय.

भाच्याचं कारण वेगळं. तो रायफल नेमबाजी शिकतोय. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कांस्य मिळवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात अर्जुन पुरस्कार घेतला. तो व्हिडिओ भाच्याला पाठ झालाय. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा जिथं उभा राहिला, तिथवर पोराला नेऊन आणावं, असं मला मनापासून वाटतं. ते घर आपलंही आहे, हे त्याला या वयातच कळू दे.

गाडीचं म्हणाल तर कोल्हापूरहून दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्टेशनला थेट गाडी आठवड्यातून एकदाच. ती जमली नाही तर मिरजेतून गोवा एक्स्प्रेस, रोज असते आणि तीही निजामुद्दीनलाच जाते. परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवतेय. सरकारी कार्यक्रम किंवा परदेशी पाहुणे आले तर ठरलेली वेळ रद्द होऊ शकते, आणि एवढ्या लांब जाऊन हात हलवत यायचं म्हणजे जिवावर येतं.

सध्या भाच्याच्या परीक्षेचं वेळापत्रक यायची वाट बघतेय. आत किती चालावं लागतं, जिने किती, आईसारख्या गुडघे दुखणाऱ्यांना कितपत झेपतं, ते जाऊन आल्यावर सविस्तर लिहीन.