मोलकरीण तपासाला लागते तेव्हा

व्हिक्टोरियन काळातल्या इंग्लंडची रहस्यकथा लिहायला घेतली की घरातल्या मोलकरणीलाच डिटेक्टिव्ह करायचा मोह होतो. ती सगळ्या खोल्यांत शिरते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणजे दाराला कान लावला की काम भागलं, असा हिशोब. माझ्या मते कादंबरी इथेच फसते. कान काय, कुणीही लावेल. खूण तिच्या रोजच्या कामातून निघायला हवी, म्हणजे ती दुसऱ्या कुणाला दिसणारच नाही.

याचा धडा खऱ्या प्रकरणात आहे. ३० जून १८६० च्या सकाळी विल्टशायरमधल्या रोड हिल हाउसमधून चार वर्षांचाही न झालेला सॅव्हिल केंट बेपत्ता असल्याचं कळलं. थोड्या वेळानं त्याचं प्रेत आवारातल्या संडासात सापडलं. दिवाणखान्याची खिडकी उघडी आहे हे सकाळी पाहिलं सारा कॉक्स या हाउसमेडनं, कारण आदल्या रात्री ती लावून घेणारीही तीच होती. सोमवारी, २ जुलैला, सारा धुण्याचे कपडे टोपल्यांत भरत होती. सॅव्हिलची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स दारात आली. माझ्या स्लिपच्या खिशात पर्स राहिली का बघ, म्हणाली. मग प्यायला पाणी मागितलं. सारा खाली जाऊन पाणी घेऊन लगेच परत आली. पुढे धोबीण हेस्टर हॉलीनं घरी टोपल्या उघडल्या, तर धुण्याच्या वहीत लिहिलेला कॉन्स्टन्सचा नाइटड्रेस त्यांत नव्हता.

स्कॉटलंड यार्डच्या, म्हणजे लंडन पोलिसांच्या, डिटेक्टिव्ह जॅक व्हिचरनं यातून जे ताडलं ते आपल्याकडे धोब्याची वही सांभाळणाऱ्या कुणालाही पटकन कळेल. कॉन्स्टन्सकडे तीन नाइटड्रेस. रक्त लागलेला एक तिनं नाहीसा केला, तर तीनांत एक कमी भरणार आणि प्रश्न तिलाच विचारले जाणार. म्हणून वहीत नोंद झालेला, नुसता मळलेला नाइटड्रेस तिनं टोपलीतून गुपचूप परत काढून घेतला. आता हरवल्याचं खापर धोबिणीवर! मॅजिस्ट्रेटांना हे पटलं नाही, कॉन्स्टन्स सुटली आणि व्हिचरवर टीकेची झोड उठली. १८६५ मध्ये तिनं स्वतःहून गुन्हा कबूल केला.

कादंबरीकारानं इथे पाण्याच्या पेल्याकडे बघावं. मालकाच्या मुलीनं पाणी मागितलं तर हातातलं काम टाकून जावंच लागतं, 'थांबा जरा' म्हणायची सोय नाही. पण परत आल्यावर आपण लावलेल्या कपड्यांची थप्पी हललेली आहे, हे ज्या हातांनी ती लावली त्यांनाच कळतं.

दुसरी जागा राखेची. हाउसमेडचा दिवस घरचे उठण्याआधी फायरप्लेस साफ करण्यानं सुरू होई. पेटीत ब्लॅकलेड (लोखंडी भागांना लावायचं काळं पॉलिश), ब्रश आणि पुसायची फडकी, सोबत राखेची बादली, बादलीत तारेची चाळणी. राख खाली पडायची; वर राहिलेले अर्धवट जळके कोळसे स्वयंपाकघरात पुन्हा वापरायचे. कुणी रात्री कपडा जाळला तर कापडाची राख चाळणीतून निघून जाईल. पण कापडानं मढवलेल्या बटणातली धातूची कडी, हुक, कॉर्सेटची पोलादी पट्टी वर उरेल. यात वेळ चुकवू नका. फायरप्लेस साफ करून नवी लाकडं-कोळसे रचले की पुरावा संपला, तेव्हा हे दृश्य नाश्त्याआधीच घडायला हवं. आणि भर उन्हाळ्यात झोपायच्या खोलीत ताजी राख सापडली, तर बटणाचीही गरज नाही.

घंटांचा उपयोग मात्र फार कुणी करत नाही. नोकरांच्या पॅसेजमध्ये प्रत्येक खोलीची वेगळी घंटा टांगलेली असे. काही घंटांना लंबक असायचा. आवाज थांबल्यावरही तो थोडा वेळ हलत राही, म्हणजे उशिरा पोचलेल्या मोलकरणीला कुठून बोलावणं आलं ते समजे. रिकाम्या म्हणवल्या जाणाऱ्या खोलीचा लंबक हलतोय, एवढ्यावर एक प्रकरण निघतं.

आता तिची अडचण. घर कसं चालवावं यावरच्या मिसेस बीटनच्या १८६१ च्या पुस्तकात घरची सगळी कामं एकटीनं करणाऱ्या मोलकरणीचा पगार वर्षाला ९ ते १४ पौंड दिलाय. पण पगारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे 'कॅरेक्टर', आधीच्या मालकिणीचा दाखला. तो देणं मालकिणीवर कायद्यानं बंधनकारक नव्हतं आणि तो नसेल तर दुसरं चांगलं घर मिळणं मुश्कील. खोटा दाखला वापरणं १७९२ पासून गुन्हा. म्हणजे प्रत्येक प्रश्न विचारताना तिची पुढची नोकरी पणाला लागते. बऱ्याच कादंबऱ्यांतली मोलकरीण सरळ मालकाला जाब विचारते आणि दुसऱ्या दिवशी तिथेच चहा देते. हे पटत नाही.

काळाच्या चुकाही सांभाळा. रक्त माणसाचं की जनावराचं हे १९०१ पूर्वी खात्रीनं सांगता येत नव्हतं. बोटांच्या ठशांचा विभाग स्कॉटलंड यार्डात त्याच वर्षी आला. १८५१ च्या कायद्यानंतर आर्सेनिक विकताना दुकानदाराला वहीत नोंद करावी लागे आणि थोडं घेतलं तर त्यात काजळी किंवा नीळ मिसळलेली असे. पांढरीशुभ्र पुडी बेधडक विकत आणणारा खुनी १८६० मध्ये चालणार नाही.

पण विष फक्त पुडीतूनच मिळत नसे. १८८९ मध्ये लिव्हरपूलच्या मेब्रिक कुटुंबात हाउसमेडनं मालकिणीच्या खोलीत माश्या मारायचे आर्सेनिकचे कागद पाण्यात भिजत घातलेले पाहिले. मुलांची दाई ॲलिस यॅप हिच्याकडे मालकिणीनं एक पत्र पोस्टात टाकायला दिलं. ते चिखलात पडलं, म्हणून लिफाफा बदलायला उघडलं, असं यॅपनं सांगितलं. पत्र मालकिणीच्या प्रियकराला होतं. यॅपनं ते मालकाच्या भावाच्या हाती दिलं. मालक वारला, फ्लोरेन्स मेब्रिकला फाशीची शिक्षा झाली, मग ती जन्मठेपेवर आली आणि १९०४ मध्ये ती सुटली. कागद चेहऱ्याच्या प्रसाधनासाठी भिजवले, असं तिचं म्हणणं होतं आणि नवरा स्वतःच आर्सेनिक घेत असे, हेही खटल्यात पुढे आलं. चिखलाची गोष्ट खरी की रचलेली, यावर वाद आहेच. माझ्या कादंबरीत मोलकरीण असती तर मी तिला ते पत्र उघडू दिलं असतं, पण लिफाफ्यावर चिखल लावताना वाचकाला दाखवलं असतं.