उपग्रहाचा वारा: वेग पटकन कळतो, दिशा छळते

स्कॅटरोमीटर म्हणजे समुद्रावरचा वारा काढण्यासाठी वापरलं जाणारं उपग्रहावरचं रडार. तो वारा मोजत नाही, पाण्यावरची शिरशिरी मोजतो. मेटॉप या युरोपीय हवामान उपग्रहांवरच्या ॲस्कॅट नावाच्या स्कॅटरोमीटरची वारंवारता 5.255 गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण 5.7 सेंटिमीटर. उभ्या रेषेशी 40 अंश तिरक्या आलेल्या या किरणांचा सूर जुळतो तो सुमारे साडेचार सेंटिमीटरच्या लहरींशी. वारा वाढला की लहरी उठतात आणि परतीचा सिग्नल वाढतो. वेगाचं काम इथवर सोपं.

दिशेचं तसं नाही. वाऱ्याच्या तोंडावर पाहिलं की सिग्नल सर्वांत जास्त, पाठीमागून पाहिलं की किंचित कमी, आडवं पाहिलं की बराच कमी. एकाच बाजूने पाहून मिळालेला आकडा वेग-दिशेच्या कित्येक जोड्यांना लागू पडतो. म्हणून ॲस्कॅट प्रत्येक बाजूच्या तीन अँटेनांनी समुद्राचा तोच चौकोनी तुकडा उपग्रहाच्या मार्गाशी 45, 90 आणि 135 अंशांवरून बघतो. तरीही दोन ते चार उत्तरं उरतातच, कारण तोंडाकडच्या आणि पाठीकडच्या सिग्नलमधला फरक फारच थोडा. त्यातली बहुधा दोन एकमेकांच्या थेट उलट असतात.

त्यातलं एक निवडायला हवामान मॉडेलचा अंदाज वापरतात, आणि घोळ इथेच होतो. मॉडेलमध्ये चक्रीवादळाचं केंद्र सरकलेलं असेल तर नकाशावरचे वाऱ्याच्या दिशेचे बाणही त्या चुकीच्या केंद्राभोवती फिरलेले दिसतात. खरं उत्तर पुष्कळदा त्याच चौकोनाच्या उरलेल्या पर्यायांत पडून असतं. केंद्र शोधायचं असेल तर निवडलेल्या बाणावर न थांबता सगळे पर्याय नकाशावर काढावेत. आणखी एक खोच: काही फायलींत दिशा वारा जिकडे चाललाय तिकडची असते, हवामानखात्याच्या रिवाजाप्रमाणे जिकडून येतोय तिकडची नव्हे. तपासलं नाही तर सरळ 180 अंशांची चूक.

क्विकस्कॅटसारख्या, 13.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या फिरत्या तबकडीच्या उपकरणांना एका फेरीत दिसणारा पट्टा रुंद मिळतो; 2009 पर्यंत वारा मोजणाऱ्या क्विकस्कॅटचा 1800 किलोमीटरचा होता. पण अशा पट्ट्याच्या दोन्ही कडांना आणि अगदी मधोमध दिशा कच्ची असते, कारण तिथे बघण्याचे कोन सोयीचे नसतात. त्यांचा खरा शत्रू पाऊस. थेंब सिग्नल शोषतात, स्वतःही परतवतात, वर पाण्याचा पृष्ठभागही खडबडीत करतात. वारा मंद असताना अशा चौकोनांत वेग फुगतो आणि बाण उपग्रहाच्या मार्गाला आडवे पडतात. आजूबाजूला शांत आणि मध्येच आडव्या बाणांचा पुंजका दिसला तर आधी फाइलीतला पावसाचा फ्लॅग, म्हणजे त्या चौकोनात पाऊस असल्याची खूण, बघावा. ॲस्कॅटला हा त्रास बराच कमी.

किनाऱ्यालगतचे आकडे जमिनीच्या सिग्नलने बिघडतात. दोन-तीन मीटर प्रति सेकंदाखाली लहरीच नीट उठत नाहीत, मग दिशेला फारसा अर्थ उरत नाही.

बोयाशी, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या मोजणी-तराफ्याशी, ताळा करताना उंची सांभाळा. उपग्रहाचा वारा 10 मीटर उंचीचा आणि हवा तटस्थ आहे, म्हणजे तापमानातल्या फरकामुळे ती वर चढत नाही की दबत नाही, असं धरून काढलेला असतो. बोयाचा वातमापक बहुधा तीन-चार मीटरवर. शिवाय बोया एका ठिकाणची दहाएक मिनिटांची सरासरी देतो, उपग्रह 25 किलोमीटरच्या चौकोनाची, तीही क्षणाची. उंचीची दुरुस्ती न करता फरक काढला आणि उपग्रह जास्त वारा दाखवतो असं ठरवलं, तर तो दोष उपग्रहाचा नाही.