मोकळा गळा

मंगळसूत्र काढून वर्ष उलटून गेलं होतं, तरी गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळल्याशिवाय मी घराबाहेर पडत नव्हते. नागपूरचा आषाढातला उकाडा, घाम निथळतोय, तरीही. किराणा दुकानात, जिन्यात, ऑफिसात लोकांची नजर आधी गळ्यावर जाते, हे घटस्फोट झालेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

आमचा घटस्फोट संमतीचा, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं असतं. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही मुदत माफ होऊ शकते, पण आम्ही थांबलो. भांडणं संपली होती. मी मात्र रोज रात्री अकरा वर्षांचा हिशेब मांडायची आणि चूक दरवेळी माझ्याच खात्यात निघायची. "तुला नाही जमायचं" हे इतकं ऐकलं होतं, की तो गेल्यावरही भाजी निवडताना, गाडी वळवताना ते त्याच्याच आवाजात ऐकू यायचं.

शेजारच्या काकू दरवर्षी दिंडीतून धापेवाड्याला जातात. या वेळी मला म्हणाल्या, "चल." कळमेश्वर तालुक्यातलं हे गाव म्हणजे विदर्भाचं पंढरपूर, इथल्या नदीचं नावही चंद्रभागाच. आषाढी पौर्णिमेला पांडुरंग इथे येतो, ही आमच्याकडची श्रद्धा. म्हातारपणी कोलबा स्वामींना पंढरपूरची वारी झेपेना, तेव्हा मीच येतो म्हणून देवाने दृष्टांत दिला आणि विहिरीत मूर्ती सापडली, असं सांगतात. लहानपणापासून ऐकलेली कथा, पण त्या दिवशी ती ऐकून रडू फुटलं. थकलेल्या भक्ताला देव "तुला जमत नाही" म्हणाला नव्हता.

पहाटे काटोल नाक्यावरून निघालो. फेटरीपर्यंत टाळांच्या नादात पाय आपोआप पडत होते. पुढे पावसाने गाठलं. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, मध्येच सोयाबीनचं हिरवं रान, आणि माझ्या ओल्या चपलेत टाच घासून निघत होती. कळमेश्वरच्या मुक्कामाला पोहोचले तेव्हा दोन्ही टाचांना टपोरे फोड आले होते.

शेजारी पथारी टाकलेल्या एक आजी सावनेरकडच्या, शेतात राबलेल्या. त्यांनी विचारलं, "मालक काय करते तुहे?"

आजवर अशा वेळी मी "बाहेरगावी असतात" म्हणायची. त्या रात्री तोंडातून निघून गेलं, "घटस्फोट झाला."

"बरं," आजी म्हणाल्या. "पाय दाखव."

त्यांनी पिशवीतून सुई-दोरा काढला. सुई काडीच्या ज्योतीवर धरली, फोडातून हलकेच आरपार ओवली आणि दोऱ्याचा तुकडा आतच ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून. मग वर बांधायला फडकं हवं होतं. माझ्याकडे ओढणी होती. आजींनी दाताने टरकन तिच्या पट्ट्या फाडल्या आणि दोन्ही टाचा बांधल्या. बांधून झाल्यावर माझ्या पावलांना हात लावून तो कपाळाला लावला. मी पाय ओढून घेतले. "आजी, मी लहान आहे हो."

"वारीत लहान कोन, मोठं कोन? माउलीचे पाय हायेत."

कितीतरी वेळ मला झोप लागली नाही. माझ्या शरीराच्या कुठल्याही भागाला एवढ्या मानाने कुणी शेवटचा हात कधी लावला होता, ते आठवत होते.

सकाळी निघताना एका बुवांनी तुळशीची माळ पुढे केली. "घाला ताई, गळा रिकामा आहे." माळ घेणं म्हणजे व्रत, ते मला मनापासून घ्यायचं असेल तेव्हाच घेईन. केवळ गळा भरायला नाही. तसं मी हात जोडून सांगितलं. कुणाला असं "नाही" म्हणून किती वर्षं झाली होती.

आजी मागून म्हणाल्या, "राहू दे मोकळा. वारा लागते."

धापेवाड्याला दर्शनाची रांग नदीपर्यंत आली होती. ऊन पडलं होतं. मानेला चटका बसत होता, वाऱ्याची झुळूक आली की कळत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "माउली, पुढं सरका," आणि मी सरकले.