ह्यूब्रिस म्हणजे नुसता गर्व नव्हे

इंग्रजी पेपरात अग्रलेख वाचताना ह्यूब्रिस हा शब्द सारखा भेटतो, आणि डिक्शनरी उघडली की समोर येतं गर्व, अहंकार, बस. स्पर्धा परीक्षेवाली पोरं तेवढंच पाठ करतात आणि मग प्राइड, ॲरोगन्स, व्हॅनिटी, ह्यूब्रिस सगळे एकाच माळेचे मणी होतात, आणि हे मला खरंच खटकतं कारण या शब्दाचा इतिहास जबरदस्त आहे.

शब्द मूळचा ग्रीक. आणि गंमत म्हणजे जुन्या अथेन्समध्ये ह्यूब्रिस हा चक्क कायद्याने गुन्हा होता! मनात गर्व आहे म्हणून कोणी कोर्टात खेचत नव्हतं, गुन्हा होता तो दुसऱ्याचा अपमान करण्याचा. ॲरिस्टॉटलने याची फार नेमकी व्याख्या केलीय, की समोरच्याला लाज वाटेल असं वागायचं किंवा बोलायचं, त्यातून आपला काही फायदा व्हावा म्हणून नाही, कशाचा बदला म्हणूनही नाही, तर फक्त आपल्याला मजा येते म्हणून. तरुण आणि श्रीमंत माणसं हे जास्त करतात असंही तो म्हणतो, कारण त्यात त्यांना आपण वरचढ असल्यासारखं वाटतं. हे वाचल्यावर मला आपला एकच शब्द आठवतो, माज. पैशाचा माज, सत्तेचा माज. अहंकार मनात लपून राहू शकतो पण माज कोणावर तरी निघतोच.

डेमॉस्थेनिस हा अथेन्सचा नावाजलेला वक्ता. त्याला मेडियास नावाच्या श्रीमंत माणसाने उत्सवात, भर नाट्यगृहात, सगळ्यांसमोर मारलं. त्यावरचं त्याचं भाषण आजही उपलब्ध आहे, आणि त्यात तो म्हणतो की माराचं दुःख मोठं नाही, ज्या अपमानाने मारलं त्याने माणूस पेटतो. त्याच भाषणात तो कायदाही सांगतो, हा कायदा बायका, मुलं आणि गुलाम यांनाही लागू होता. ज्या समाजात गुलाम विकत मिळायचे तिथे गुलामाचाही अपमान करायचा नाही असा कायदा असावा, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरी गोष्ट झर्क्सिस राजाची. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की ग्रीसवर स्वारी करताना सामुद्रधुनीवर बांधलेला पूल वादळात मोडला, तर या पर्शियन राजाने समुद्रालाच ३०० फटके मारायला लावले आणि पाण्यात बेड्या टाकल्या. मग इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या समुद्रातच त्याच्या आरमाराची वाट लागली. आजच्या इंग्रजीतला अर्थ या गोष्टीच्या जवळचा आहे, म्हणजे स्वतःच्या ताकदीवर इतका भरोसा की मर्यादाच दिसत नाही आणि मग आपटणं ठरलेलंच. आपल्याकडे गर्वाचं घर खाली म्हणतात तेच.

म्हणून वापरताना एवढं बघायचं की माणसाच्या हातात ताकद आहे का आणि त्याने हद्द ओलांडलीय का. शेजाऱ्याने नवीन गाडी घेऊन तोरा मिरवला तर ती व्हॅनिटी, साहेब ताठ्यात असतात आणि कोणाशी धड बोलत नाहीत तर ते हॉटी (haughty), पण हिवाळ्याआधीच जिंकू या खात्रीने हिटलरने १९४१ मध्ये रशियात सैन्य घुसवलं ते ह्यूब्रिस. पोरीचा निकाल चांगला लागला तर तिथे प्राउडच, ह्यूब्रिस चुकूनही नको, ती सरळ टीका आहे. अनेकवचन सहसा करत नाहीत, ॲक्ट ऑफ ह्यूब्रिस असं म्हणतात आणि विशेषण ह्यूब्रिस्टिक.

डेव्हिड ओवेन हे ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री आणि मूळचे डॉक्टर. त्यांनी जोनाथन डेव्हिडसन यांच्यासोबत २००९ मध्ये ब्रेन या जर्नलमध्ये ह्यूब्रिस सिंड्रोम मांडला, अमेरिकेचे अध्यक्ष आणि ब्रिटनचे पंतप्रधान यांचा १०० वर्षांचा अभ्यास करून. त्यांचं म्हणणं असं की हा मूळ स्वभाव नसतो, मोठी सत्ता बराच काळ हातात राहिली की जडतो आणि सत्ता गेली की बहुतेक वेळा ओसरतो.